त्याल वरनं येतंय

संपादकांनी माझ्याकडं कविता मागितली होती. कविता नाही. जुन्या गाडीच्या इंजिनातनं तेल कुठनं गळतं आणि ते कसं शोधायचं, ते लिहितोय. ज्याला कविताच पाहिजे त्यानं पान उलटावं, पुढं असेल कुणाची तरी.

गाडी आमच्या वस्तीतल्या आबांची. अँबॅसेडर, १९८६ ची, पेट्रोल. आबा नगरपालिकेत झाडू खात्यात होते. रिटायर झाले आणि २००३ साली फंडाच्या पैशातनं त्यांनी सरकारी लिलावात ही गाडी घेतली. लोक हसले. घराचा पत्रा बदल, पोरीचं लग्न कर म्हणाले. आबांनी ऐकलं नाही. तरुणपणी कचेरीच्या आवारात असल्याच एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी हात टेकला होता, आणि शिपाई दांडकं घेऊन धावला होता. एवढं एकच कारण. छपरावर दिव्याचं भोक होतं, ते आबांनी पत्रा ठोकून बुजवलं. त्याचा गोल अजून दिसतो. तेव्हापासनं वस्तीतलं बाळंतपण, मयत, पोरांचं परीक्षेचं सेंटर, सगळं ह्याच गाडीतनं.

गाडी जन्मानं इंग्रज. विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड, तिचाच साचा उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्समध्ये आला आणि १९५० च्या दशकाच्या शेवटापासनं २०१४ पर्यंत ती निघत राहिली. साहेब बदलले, पक्ष बदलले, मागच्या सीटवरचा टॉवेलसुद्धा बदलला नाही. आमच्या गाडीतलं १४८९ सीसीचं इंजिन विलायतेच्या बीएमसी कंपनीच्या घराण्यातलं. लोखंडी, जड, सोशीक. आणि गळकं.

२०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही ठरवलं, २० मार्चला महाडला ह्याच गाडीनं जायचं. चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळ भरली तो दिवस. पण गाडीची अवस्था अशी, की उभी केली की खाली काळं थारोळं. आत बसलं की जळकट वास. चढ आला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र जागच्या जागी. क्लचच्या प्लेटला तेल लागलं की असं होतं, प्लेट घसरते, पकडत नाही. महाबळेश्वराहून पोलादपूरला आंबेनळी घाट उतरायचा, म्हंजे येताना तो चढायचाही आहे.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. तो वाकला, खाली बघितलं, उठला. अर्धा मिनिट. म्हणाला, क्रँकचं मागचं सील गेलंय, इंजिन उतरवायला लागणार, वीस हजार. आबांचा चेहरा पडला. भंगारवाल्याचं नाव घ्यायला लागले.

तेव्हा मी मामाकडं गेलो.

मामाबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चौदाव्या वर्षी तो गॅरेजात लागला. पार्ट धुणं, पाने पुसणं, मग गाडीखालचा खड्डा. अकरा वर्षं तो खड्ड्यात होता. टॅपेटचा आवाज ऐकून कितव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह सैल आहे सांगायचा. पण त्याला मिस्त्री कधी कुणी म्हटलं नाही. वरचं काम मिस्त्रीचं, खालचं काम मामाचं. कार्बुरेटरला मामाचा हात लागला तर मिस्त्री पाना फेकायचा.

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. माझे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, तेही रिंगखात्यातच. विणाई खात्यात कांडी बदलली की धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून तिथं आपल्या माणसाला येऊ देत नव्हते. पगार तिथं जास्त. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, की सगळ्या कामगारांच्या मागण्या मागताय तर ह्या बंद दाराचं काय? यंत्राच्या कुठल्या भागाला कुणी हात लावायचा हे यंत्र ठरवत नाही. मामाला हे कुणी शिकवलं नव्हतं, तो खड्ड्यातनं बघत होता.

१९९४ साली एका बड्या अधिकाऱ्याची अँबॅसेडर त्या गॅरेजात आली. काम झालं, गाडी गेली. तिसऱ्या दिवशी परत. साहेबांच्या पोर्चमध्ये फरशीवर तेलाचा डाग. मालकानं विचारलं, चेंबरचं पॅकिंग कुणी बसवलं? चेंबर म्हंजे इंजिनाच्या पोटाखालची तेलाची परात. ते मामानं बसवलं होतं. मामा म्हणाला, "मालक, त्याल वरनं येतंय." मालक म्हणाला, थेंब खाली पडलाय आणि तू वरचं सांगतोस? पंधरा दिवसांचा पगार कापून त्याला हाकललं. वरचं झाकण कुणी उघडून बघितलं नाही.

त्यानंतर मामानं इंजिनाला हात लावला नाही. रस्त्याकडंला पंक्चर काढत बसला. तीस वर्षं. मी गेलो तेव्हा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "मला न्हाई त्यात घालू. गॅरेजवाल्यानं सांगितलंय न्हवं? मग झालं."

मी म्हटलं, तो मागचं सील गेलंय म्हणतोय.

मामानं ट्यूब बाजूला ठेवली. "मागचं सील? कुठनं आणलं त्येनं? ह्या इंजिनाला मागं सीलच न्हाई."

आणि हे खरं आहे. नंतर रद्दीत मला एक इंग्रजी मॅन्युअल मिळालं, ते डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, त्यातही तेच निघालं. त्या जुन्या बीएमसी इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतं. दांड्यावरच स्क्रूसारखे आटे पाडलेले असतात. दांडा फिरतो तसं बाहेर निघू बघणारं तेल ते आटे आत ढकलतात. इंजिन बंद झालं की आटे थांबतात आणि थेंब-दोन थेंब बाहेर येतो. तो आजार नव्हे, घडणच तशी. मॉरिसच्या जुन्या गाड्यांत क्लचच्या घराला तळाला एक भोक असतं आणि त्यात एक पिन सैल लोंबकळत सोडलेली असते. ती हलत राहते, भोक बुजू देत नाही. म्हंजे बांधणाऱ्यालाच ठाऊक होतं. आणि गॅरेजवाला आमच्याकडनं नसलेल्या सीलाचे वीस हजार मागत होता!

मामा संध्याकाळी आला. आला तो नुसता कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा. आम्ही पोरं टॉर्च घेऊन खाली घुसलेलो. बराच वेळ बघितलं त्यानं, मग म्हणाला, "भायेर या रं. पुसल्याबिगर काय दिसणार तुमास्नी?"

इथनं पुढं तोच मिस्त्री.

आधी कुठलं तेल ते ओळखायचं. पुठ्ठ्यावरचा थेंब बोटावर घेऊन चोळायचा, वास घ्यायचा. इंजिनचं तेल काळं, जळका वास. गिअरबॉक्सचं दाट आणि उग्र. ब्रेकचं पातळ, रंग खाणारं. ते असेल तर गाडी तिथंच उभी करायची, एक पाऊल हलवायची नाही. आमचं इंजिनचंच होतं.

मग धुणं. डिझेल, ब्रश आणि वेस्ट. वेस्ट म्हंजे सुताचा गुंता, आमच्यासारख्याच गिरण्यांतनं निघालेला, बाजारात किलोवर मिळतो. मी काढलेलं सूत मीच विकत आणलं. डिस्ट्रिब्युटरला प्लास्टिकची पिशवी बांधली. अडतीस वर्षांची काळी साय खरवडून काढायला अख्खा सुट्टीचा दिवस गेला. आमच्यातला एक जण कुरकुरला, गळती थांबवायची सोडून हे काय भांडी घासत बसलोय. मामा बोलला नाही. पण इंजिनाचा मूळचा रंग दिसायला लागला तसा तो पोरगाही गप्प झाला.

सुकल्यावर मामानं कॅरमची पावडर मागितली. आमच्या मंडळात दुसरं काही नसलं तरी कॅरम आहे. इंजिनाच्या अंगाला, सांध्यांना पावडर फुंकली. इंजिन पांढरं झालं. मग वीस किलोमीटर चक्कर. गाडी उभी राहून जे गळतं तेवढंच खरं नसतं. तेल तापून पातळ झाल्यावर, पंख्याचा वारा लागल्यावर जे होतं ते बघायचं. आणि बघताना नियम एकच. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला डाग शोधायचा. तेल वरनं खाली येतं, आणि वाऱ्यानं पुढनं मागं जातं. थेंब पडतो ती जागा ही तेलाची शेवटची जागा. गॅरेजवाल्यानं शेवटची जागा बघितली आणि निकाल दिला.

मी कविता लिहितो म्हणून लगेच म्हणालो, मामा, हे तर आपल्या समाजाचं... मामा म्हणाला, "आधी त्याल बघ."

पण एक सांगूनच टाकतो. आपल्या मीटिंगातही हेच चालतं. जयंतीच्या हिशोबात पैसे कमी पडले की पहिल्यांदा नाव कुणाचं निघतं? पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेल्या पोराचं. कारण थेंब त्याच्या हातावर पडलेला दिसतो. वर कोण बसलंय, ते बघायला मान वाकवावी लागत नाही, उचलावी लागते. ते जड जातं.

तर पावडर. वरचं टॅपेट कव्हर कोरडं. ह्या कव्हराला दोनच नट असतात आणि खाली कॉर्कचं पॅकिंग. गळायला लागलं की माणूस नट आवळतो, कॉर्क चिरडतं, आणखी गळतं. मागच्या कडेनं गळलं तर तेल ब्लॉकच्या पाठीवरनं क्लचच्या घरावर उतरतं आणि तळाच्या पिनेवरनं ठिबकतं. बघणारा म्हणतो, मागचं सील. आमचं तिथनं नव्हतं. पुढं टायमिंग कव्हरच्या सीलपाशी थोडा ओलावा, पण पावडर भिजलेली नाही. चेंबरची कड मागच्या अर्ध्या भागात ओली. मला वाटलं, सापडलं. मामानं मान हलवली. कडेच्या वरही ओलं होतं, आणि तो ओघळ वर वर जात मॅनिफोल्डच्या मागं अंधारात शिरत होता.

तिथं डोळा पोचत नाही. हातही पोचत नाही. मी घरनं दाढीचा आरसा आणला. पत्र्याच्या पट्टीला बांधला, मॅनिफोल्डच्या मागं सरकवला, वरनं टॉर्च मारली. आरसा सारखा धुरकटायचा. तीन-चार वेळा पुसून घातला तेव्हा दिसलं. ब्लॉकच्या अंगाला दोन झाकणं असतात, आत टॅपेट असतात म्हणून. एकेका झाकणाला मधोमध एकच बोल्ट. मागच्या झाकणाच्या खालच्या कडेला तेलाची मण्यांची माळ लागलेली. एक मणी फुगायचा, सुटायचा, ओघळायचा. पुन्हा दुसरा.

मामाला आरसा दिला. तो किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मला वाटलं टॉर्चचा सेल संपेल.

दुसऱ्या सुट्टीला कार्बुरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवलं, त्याशिवाय तिथं पाना लागत नाही. झाकण निघालं. मधला बोल्ट कुणीतरी इतका आवळलेला की पत्रा मधनं आत दबलेला आणि कडा बाहेर उचललेल्या. आतलं कॉर्क लाकडासारखं कडक. मामानं झाकण हातात घेतलं, उलटंपालटं केलं, अंगठा त्या खळग्यात दाबला.

"हेच," म्हणाला.

"त्या साहेबाच्या गाडीला पण हेच हुतं?"

"मला तवाच ठाव हुतं. मिस्त्रीनं आवळताना मी खालनं ऐकलंवतं, बोल्ट कण्हत हुता. पर खड्ड्यातला माणूस वरचं सांगतोय, कोण ऐकणार?"

मी काय बोलणार? आबा बाजूलाच होते. त्यांनी चहा सांगितला.

एवढ्यानं संपलं असं मला वाटत होतं. मामा म्हणाला, झाकण वाकडं झालं हे खरं, पण तेल एवढ्या जोरानं का येतंय? आत काहीतरी ढकलतंय. मग इंजिन थंड असतानाच ऑईलची पट्टी काढून बघितली. खुणेच्या वर चांगलं बोटभर तेल. आबा रोज थारोळं बघून भीतीनं रोज थोडं तेल ओतत होते. हे मात्र मला लगेच कळलं, कारण ते आमच्या खात्यातलं आहे. रिंगफ्रेमवर स्पिंडल ज्या वाटीत फिरतं त्या वाटीत तेल जास्त झालं की ते वर उडतं आणि सुतावर डाग पडतो. डाग पडलेली बॉबिन सुपरवायझर आधी कुणाच्या तोंडापुढं धरतो हे सांगायला नको. तेल घालणारा वेगळाच असतो. मी म्हटलं, मामा, हे जास्तीचं तेल काढू या. मामानं माझ्याकडं पहिल्यांदा जरा बरोबरीनं बघितलं.

आणि दुसरं, त्याहून मोठं. इंजिन चालतं तेव्हा पिस्टनच्या रिंगांमधनं थोडी वाफ, थोडा धूर खाली पोटात येतोच. जुन्या इंजिनात जास्त येतो. तो बाहेर जायला वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. पुढच्या साईड झाकणातनं एक नळी निघते आणि खाली रस्त्याकडं तोंड करून सुटते. ती नळी सोडवली तर आत चिंधी. कुणा शहाण्यानं कधीतरी तिच्या तोंडातनं ठिबकताना बघितलं असणार, आणि डाग पडू नये म्हणून बोळा कोंबला असणार. तेल आणि काजळी पिऊन बोळ्याचा दगड झालेला. वरच्या कव्हरावरनं एअर क्लीनरकडं जाणारी दुसरी नळी, तीही आतनं चिखलानं भरलेली. इंजिनाचं नाक-तोंड दाबून ठेवलं होतं. मग आतला दाब जिथं सांधा कच्चा तिथनं तेल बाहेर फेकतो. तुम्ही पॅकिंग बदला, तो दुसरा सांधा शोधतो. ज्या गाडीच्या सगळ्याच सांध्यांतनं तेल झिरपतंय, ज्या गाडीची ऑईलची पट्टी आपली आपण वर सरकतेय, तिचं आधी ब्रीदर बघा. पैसा लागत नाही.

मामानं तो बोळा स्क्रूड्रायव्हरनं ओढून काढला तेव्हा नळीतनं काळी पिचकारी त्याच्या शर्टावर आली. तो हसला. त्याला मी हसताना फार कमी बघितलंय.

बाकीचं काम लहान. झाकण लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून हळू ठोकून सपाट केलं, काचेवर ठेवून कड तपासली. बाजारातनं कॉर्कची शीट आणून पॅकिंग कापलं, दोन्ही झाकणांना. बोल्टखालचा फायबरचा वॉशर नवा. आवळताना मामानं माझ्या हातात आखूड पाना दिला आणि माझा खांदा दाबून धरला. "मनगटानं. खांद्यानं न्हाई." कॉर्क जरा दबलं की थांबायचं. नळ्या डिझेलनं धुतल्या. तेल खुणेपर्यंतच भरलं, २०-डब्ल्यू-५०, असल्या जुन्या इंजिनाला ते मानवतं. रिंगा झिजल्यात का म्हणून चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण काढून तळहात धरला. वाफेचा हलका फुसका लागत होता, भाता नव्हता. भाता असता तर मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. क्लचच्या प्लेटला तेल थोडंच लागलं होतं, चार दिवस चालवल्यावर जळून गेलं. नशीब म्हणा. फार भिजली असती तर ती बदलावीच लागली असती. सगळा खर्च नवं ऑईल धरून तीन हजारांच्या आत.

१९ मार्चला दुपारी निघालो. आबा मागच्या सीटवर, खिडकीशी. मामा पुढं, कान इंजिनाकडं. सातारा, मेढा, महाबळेश्वर, मग आंबेनळीची वळणं. जळका वास नाही. महाडला पोचलो तेव्हा रात्र झालेली. गाडी लावली, खाली पुठ्ठा टाकला, गाडीतच आडवे झालो.

पहाटे उठून आधी तळ्याकडं जायचं सोडून मी पुठ्ठा ओढला. दोन थेंब. रुपयाएवढे. मी मामाला दाखवले. "येवढं ऱ्हाणारच," तो म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

परत आला तेव्हा शेजारी एक जुनी जीप उभी होती. विदर्भातनं आलेली पोरं, निळे झेंडे बांधलेली. खाली तेलाचं तळं. एक पोरगा डोक्याला हात लावून बसलेला, आणि बाकीचे त्याच्यावर ओरडत होते, तूच चेंबर खोललं होतंस गेल्या आठवड्यात. मामा थांबला. खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडं फेकला.

"पोरांनो, वरचं बघितलासा काय?"

आणि मला म्हणाला, "आरसा आण रं."

मी डिकी उघडली.